दुसरं बेट

३ फेब्रुवारी, गेवराई

लग्न शुक्रवारी आणि आज आमचं पहिलं भांडण झालं. मानपानावरून नाही, साड्यांवरून नाही. बेटांवरून.

हनिमूनला अंदमान, इथपर्यंत एकमत होतं. हातात सहा रात्री आणि बेटं दोन, हॅवलॉक आणि नील. (सरकारी नावं आता स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप अशी आहेत, पण एजंटासकट सगळे जुनीच घेतात.) रुद्रेश म्हणतो हॅवलॉकला पाच रात्री आणि नीलला एक. मोठं बेट आहे, बघायला भरपूर आहे, एजंटपण तेच म्हणाला. मी म्हटलं, मग एजंटाबरोबरच जा. नीलवर बघायला काही नाही म्हणूनच मला तिथं जायचंय, हे त्या बाबाला समजावता समजावता फोन तापला.

शेवटी खरं कारण सांगितलं. दहावीपर्यंत मी गेवराईत सायकल चालवायची. दहावी झाली आणि आईने सायकल मावसभावाला देऊन टाकली, आता शोभत नाही म्हणून. बी.फार्म केलं, दोन वर्षं मेडिकलच्या काउंटरवर उभी राहिले, गावाच्या खोकल्यापासून गुडघ्यापर्यंत सगळ्याची औषधं दिली, पण सायकलवर काही परत बसले नाही. नील म्हणे एवढंसं आहे की सकाळी भाड्याची सायकल घ्यायची आणि बेटाला फेरी मारून जेवायला परत यायचं. तिथं मी कुणाची मुलगी नाही, कुणाची सून नाही, फक्त अपेक्षा नावाची बाई. असे तीन दिवस मला पाहिजेत.

रुद्रेश म्हणाला, "बरं. तीन-तीन."

एवढ्या लवकर हरणारा नवरा चांगला की वाईट, हे कळायला वेळ लागेल.

९ फेब्रुवारी, केज

झालं लग्न. पाय अजून सुजलेले आहेत.

घरात माणसं मोजकी. सासरे, त्यांना मामा म्हणायचं. बाजारात स्टीलच्या भांड्यांचं दुकान आहे आणि रुद्रेशही तिथंच बसतो. सासूबाईंना आत्या म्हणायचं. त्यांचं नाव गंगासागर, पण बोलायला खोल विहिरीसारख्या आहेत. बादली सोडली तरी बराच वेळ खालून आवाज येत नाही. अशा माणसांपासून सांभाळून राहावं, असं माझी आई म्हणते.

आज सकाळी मी सहज हाक मारली, "रुद्रेश, चहा." मामांनी पेपर खाली केला. आत्या म्हणाल्या, "नाव घेऊ न्हाई गं समद्यांम्होरं." मी म्हटलं, "बरं, मग आतल्या खोलीत घेते." आत्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पटकन तोंड गॅसकडे केलं. खांदे हलत होते त्यांचे. रागाने असणार. असू दे. पहिल्या दिवसापासून सवय झालेली बरी.

१० फेब्रुवारी, सोमवार

नव्या जोडप्याने पहिल्या सोमवारी कपिलधारला जायचं, ही घराची रीत. जोडपं दोघांचं, पण जीपमध्ये मामा, आत्या, मामांचे थोरले भाऊ आप्पाराव काका, काकू आणि शिवाय डबे. काका अर्थात पुढे, ड्रायव्हरशेजारी. या घरात काका बोलले की तो ठराव पास.

महादेवाचं आणि तिथल्या संतांच्या समाधीचं दर्शन घेतलं, मग धबधब्याकडे गेलो. फेब्रुवारीतला धबधबा म्हणजे आमच्या गेवराईच्या नळाला येते तेवढी धार. सगळे लगेच जेवायला वळले, आत्या मात्र तिथंच उभ्या. मी म्हटलं, गुडघे धरले का? गोळी आहे माझ्याकडे.

"न्हाई गं. आमी बी आलतो लगीन झाल्यावर. समदं घर संगं. भाकरी खाल्ली आन् दिवस कलायच्या आत घरी. तवाबी पाणी एवढंच होतं." मग एकदम म्हणाल्या, "तुमी जाणार तितं पाणी बारा म्हैने अस्तंय का?"

समुद्र आहे आत्या, म्हटलं. हसू कसंबसं आवरलं. काकांनी दोनदा हाक मारली तेव्हा कुठं त्या निघाल्या.

१२ फेब्रुवारी

घात झाला.

स्वयंपाकघरात दारामागे कॅलेंडर टांगलेलं आहे. काकूंनी एकादशी बघायला म्हणून त्यावर बोट फिरवलं आणि ते बोट २६ वर थांबलं. महाशिवरात्र. आमचं परतीचं विमान १ मार्चला. म्हणजे लिंगायताच्या घरातल्या दोन शिकलेल्या माणसांनी हनिमून काढला तो शिवरात्रीवर. विमान स्वस्त कधी मिळतंय एवढंच रुद्रेशने बघितलं, बेटं कशी वाटायची एवढंच मी बघितलं, आणि महिनाभर तिकिटं घरात सगळ्यांना माहीत असून कॅलेंडरकडे मान वर करून कुणी बघितलं नाही. मामांनीसुद्धा नाही, जे दर सोमवारी विभूतीची बोटं कपाळावर ओढल्याशिवाय दुकानाचं शटर वर करत नाहीत.

आणि साधी शिवरात्र नाही. नव्या सुनेने पहिल्या शिवरात्रीला गल्लीतल्या महादेवापुढे सगळ्या भावकीदेखत घराचा दिवा लावायचा, अशी यांची रीत आहे म्हणे. मला हे आज कळलं.

मी म्हटलं, चूक झाली, खरं आहे. पण झाली ती सगळ्यांची.

हे ऐकून काकू उठून घरी गेल्या. म्हणजे आता काका येणार.

१३ फेब्रुवारी

आले. खुर्ची ओसरीच्या मधोमध घेतली, पाणी प्यायले आणि निकाल दिला. विमान रद्द करायला नको, लोक हसतील. हॅवलॉक बघा, २५ ला सकाळच्या बोटीने निघा, दुपारचं विमान, रात्रीची गाडी आणि २६ ला सकाळी केज. नील रद्द.

"एक बेट बगितलं की झालं. दुसऱ्या बेटावर काय येगळं पाणी हाय व्हय?"

मामा हसले, काकू हसल्या. रुद्रेशने मान हलवली. हलवली म्हणजे होकारार्थी! तीन-तीन मान्य केलेली तीच मान. मला इतका संताप आला की कानशिलं गरम झाली.

मी म्हटलं, "काका, कपिलधारचा महादेव आणि आपल्या गल्लीतला महादेव काय वेगळा आहे? तरी जीप करून गेलोच की."

कुणी हसलं नाही. काकांनी मामांकडे बघितलं, मामांनी रुद्रेशकडे, रुद्रेशने चपलांकडे. मी पुढे म्हटलं, "मी तिकीट बदलणार नाही. दिवा मी तिथून मनात लावीन. महादेवाला चालेल की नाही ते त्याचं तो बघेल."

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, असं काकू म्हणाल्या. म्हणू देत. माझी जीभ, माझा टाळा.

तेवढ्यात आतून आत्यांचा आवाज आला. "जाऊ द्या की त्यास्नी आदी. तितून काय ते बगू."

काका म्हणाले, हे बरोबर बोललीस, पोरगा ऐकण्यातला हाय. मी काही दूधखुळी नाही. आधी सोडायचं आणि मग दोरी ओढायची. गोड बोलून काटा काढणाऱ्या बायका मी काउंटरवरून पुष्कळ बघितल्यात.

१६ फेब्रुवारी

रुद्रेशशी तीन दिवस कामापुरतंच बोलते आहे. तो म्हणतो, "तुला काय जातंय बोलायला, मला रोज बाबांशेजारी बसायचंय." मी म्हटलं, मला रोज तुझ्याशेजारी बसायचंय, त्याचं काय?

दुपारी भाजी निवडताना आत्यांनी विचारलं, "त्ये दुसरं बेट केवढं हाय? आपल्या केजाएवढं?" टोमणा कळला मला. केजापेक्षा लहान आणि केजापेक्षा बरं, असं म्हणून मी मेथीची जुडी संपवली. तर म्हणे, "नाव काय म्हनलीस त्येचं?" नील. त्यांनी ते दोनदा तोंडात घोळवलं. काकांना नीट सांगता यावं म्हणून असेल.

२० फेब्रुवारी

आज रात्रीच्या ट्रॅव्हल्सने हैदराबाद, तिथून विमान. बॅग मी भरली होती. आत्यांनी ती उघडली, माझे कपडे बाजूला सरकवले आणि राजगिऱ्याचे लाडू, खजूर, भाजलेले शेंगदाणे आणि भगरीची पिशवी कोंबली. उपासाचं सगळं. मी म्हटलं, आत्या, शिवरात्रीला तर आम्ही तुमच्या म्हणण्याप्रमाणे इथं असणार ना? मग हे कशाला? म्हणाल्या, "वाटंत लागलं तर." वाटेत उपास कोण करतं?

म्हणजे बघा, हनिमूनलासुद्धा बॅग उघडली की शिवरात्र दिसली पाहिजे. मी पिशवी काढून ठेवणार होते, पण बॅगेवर बसून चेन लावल्यावर परत उघडायची ताकद राहिली नाही.

निघताना पाया पडले. आत्यांनी हात जरा जास्त वेळ डोक्यावर ठेवला.

२२ फेब्रुवारी, हॅवलॉक

काय लिहू! निळा रंग मी औषधाच्या बाटलीवर बघितलेला, आभाळात बघितलेला, पण एवढा नाही. बोटीतून उतरल्यावर मी रुद्रेशवर रागावलेली आहे हे दहा मिनिटं विसरूनच गेले होते. राधानगर म्हणून किनारा आहे, तिथं संध्याकाळी गेलो. पांढरी वाळू. मी जीन्स गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात गेले, तो चपला हातात धरून मागे. "खोल असेल गं," म्हणत. घोट्याएवढ्या पाण्यात!

माणसं मात्र फार. प्रत्येक झाडाखाली एक नवं जोडपं आणि एक कॅमेरावाला. एक मेंदीचे हात असलेली मुलगी नवऱ्याला म्हणत होती, अरे, तू माझ्याकडे बघ, कॅमेऱ्याकडे नको. मला तिची दया आली आणि नंतर थोडी आपलीपण.

२३ फेब्रुवारी

दोन गोष्टी.

पहिली, आत्यांचे फोन. काल आला, आज दोनदा. नेमका दुपारी, मामा जेवून आडवे झाले की. तोही व्हिडिओ कॉल. माझं कसं चाललंय हे तोंडदेखलं विचारतात आणि मग, "जरा मागं धर गं. आजून मागं. आता हळू हळू फिरव." कुठल्या हॉटेलात उतरवलंय, शेजारी कोण आहे, मी काय घातलंय, सगळं बघून घ्यायचं असणार. मी मुद्दाम फोन समुद्राकडे धरून ठेवला. घ्या, काय बघायचं ते बघा. मग म्हणाल्या, "आवाज येऊ दे, तू बोलू नको." कुणाशी बोलतोय का ते ऐकायला! रुद्रेश वेगळाच. त्याने दिवसभराचे व्हिडिओही आईला पाठवून दिले. पुरावे आपणच गोळा करून द्यायचे म्हणजे झालं.

दुसरी गोष्ट मला अजून नीट कळलेली नाही. सकाळी डायव्हिंगला गेलो. पाण्याखाली जायचं, मासे बघायचे. शिकवणारा मुलगा म्हणाला, गळ्यातलं सगळं काढून ठेवा. मी मंगळसूत्र काढलं, पर्समध्ये ठेवलं. रुद्रेशच्या गळ्यात इष्टलिंग आहे, लहानपणी दीक्षेत जंगम गुरूंनी दिलेलं. त्या मुलाने चांगल्या शब्दांत सांगितलं, पट्ट्यात अडकेल, नियम आहे. रुद्रेश म्हणाला, "नाही." मुलगा म्हणाला, डबीत ठेवू, कुलूप लावू. "नाही." पैसे परत मिळणार नाहीत. "नको मिळू देत." आवाज चढवला नाही, कारण दिलं नाही. गेला आणि वाळूवर बसला.

मी एकटी खाली गेले. पिवळे मासे माझ्या हाताजवळून गेले. पण माझ्या डोक्यात ते नाहीच. मी विचार करत होते, या माणसाला नाही म्हणता येतं! मऊ लागलं म्हणून सगळं घर इतकी वर्षं कोपराने खणतंय, पण खाली कातळ आहे. मग तो काकांपुढे कुठं जातो?

वर आल्यावर हेच विचारलं. म्हणाला, "ते माझं आहे." मी म्हटलं, "आणि मी?"

त्याने मला टॉवेल दिला.

२४ फेब्रुवारी

मामांचा फोन आला, मागून काकांचा आवाज. एजंटाने २५ च्या विमानात दोन जागा धरून ठेवल्या आहेत, संध्याकाळपर्यंत हो म्हणायचं. रुद्रेश "हो बाबा, बघतो बाबा" करत वाळूत चालत गेला. किती लांब गेला!

परत आल्यावर मी त्याला सांगितलं. उद्या सकाळी जेट्टीवरून एक बोट पोर्ट ब्लेअरला जाते आणि एक नीलला. मी नीलच्या बोटीत बसणार आहे. तू बसलास तर दोघं, नाही तर मी एकटी. हनिमूनला एकटी गेलेली केजातली पहिली सून म्हणून नाव निघालं तर निघू दे. लोकांनी फोटो मागितले तर सायकलबरोबर काढीन.

"हा हट्ट आहे, अपेक्षा."

"हो. हट्टच आहे. एका बेटाचा आहे, काही राज्य मागत नाहीये. आणि बेट महत्त्वाचं नाही. आपण दोघांनी बसून ठरवलेलं तुमच्या ओसरीवर कुणी हसत हसत मोडलं आणि तू मान हलवलीस. आज हे मोडलं की उद्या माझं केजात नोकरी करायचं मोडेल, परवा मुलं कधी ते काका सांगतील."

मला रडू आलं. राग आला की मला रडू येतं, ही माझी जुनी अडचण. समोरच्याला वाटतं आपण जिंकलो.

भीती वाटते आहे, हेही लिहून ठेवते. तो पोर्ट ब्लेअरच्या बोटीत बसला तर मी खरंच जाईन. पण मग परत कुठं येईन?

२५ फेब्रुवारी, नील

सगळं नीट लिहिते.

सकाळी जेट्टीवर दोन्ही बोटींच्या रांगा शेजारी शेजारी. बॅगा मधोमध ठेवल्या. रुद्रेशने एजंटाला काल काय सांगितलं हे मी विचारलं नव्हतं आणि त्याने सांगितलं नव्हतं. तेवढ्यात मामांचा फोन. त्याने स्पीकरवर टाकला. मामा म्हणाले, "निगालात का? काका हितंच बसल्यात."

रुद्रेशने गळ्याजवळ हात नेला, शर्टावरूनच. म्हणाला, "बाबा, जागा मी घेतल्या नाहीत. आम्ही १ तारखेला निघणार. ठरलं होतं तसं."

माझ्या हातातली पाण्याची बाटली पडली. पलीकडे काकांचा स्फोट झाला. भावकी, इज्जत, शिवरात्र, शिकलेल्या पोरी, सगळं एका दमात. रुद्रेशचे ओठ पांढरे झाले होते. आता वाकेल, असं मला वाटलं. तेवढ्यात फोनवर खरखर झाली, कुणीतरी हातातून घेतल्यासारखी, आणि आत्यांचा आवाज आला.

"रुद्रू, म्होरं कोनची बोट उबी हाय?"

"नीलची, आई."

"मग बसा तिच्यात. बोटी काय कुणासाठी थांबतात व्हय?" आणि फोन बंद.

आम्ही बसलो. मला वाटतं आत्यांचा गोंधळ झाला असणार. कुठली बोट कुठं जाते हे केजात बसून त्यांना काय कळणार? पुढे उभी आहे म्हणजे घरचीच, असं वाटलं असेल. पण ते माझ्या पथ्यावर पडलं. रुद्रेशला हे सांगितलं तर तो माझ्याकडे विचित्र नजरेने बघायला लागला. "तुला खरंच तसं वाटतं?" म्हणाला. मला काय वाटायचंय! मी खूश होते. बोट हलली आणि मी त्याचं नाव घेऊन ओरडले, सगळ्यांसमोर. तीनदा.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

सकाळी पाणी हॉटेलच्या पायऱ्यांपर्यंत आलेलं. दोघांनी आंघोळ केली, रुद्रेशने लिंग तळहातावर घेऊन पूजा केली. मी हॉटेलवाल्या बंगाली काकूंकडून पणती मागून आणली आणि वाऱ्याला आडोसा करून लावली. दोघांनी उपास धरला. आत्यांचे लाडू कामी आले, हे कबूल करायला हवं.

मग सायकल! भाड्याची, गंज चढलेली, घंटी नाही. पहिल्यांदा पाय टेकले, दुसऱ्यांदा डगमगले आणि मग गेले ती गेलेच. दोन्हीकडे नारळ, सुपारी, भाताची शेतं, शेतात बगळे. केस मोकळे, डोक्यावर काही नाही. एक म्हातारा गाय घेऊन चालला होता, त्याने मला बघितलं आणि परत गाईकडे बघितलं. एवढंच. मला एवढंच पाहिजे होतं. रुद्रेशची चेन दोनदा पडली आणि मी दोनदा थांबले नाही.

दुपारनंतर किनाऱ्यावर गेलो तर समुद्र नाही! खरंच नाही. पार लांब गेलेला. नारळवाली म्हणाली, अमावास्या जवळ आली की पाणी असंच लांब जातं. सकाळी जिथं लाटा होत्या तिथं आम्ही चालत गेलो. समुद्राच्या तळावर. दगडांच्या खळग्यांत निळे मासे, खेकडे, एक काटेरी काळं काहीतरी. काकांना सांगायला पाहिजे, पाणी वेगळं आहे की नाही! रुद्रेशने माझा हात धरला होता आणि घसरत मात्र तोच होता.

फोनला रेंज नाही. देव पावला.

२७ फेब्रुवारी

रेंज फक्त जेट्टीजवळ मिळते. रुद्रेशच्या आग्रहाने सायकल मारत तिथं गेले आणि गेलेल्या समुद्राचा व्हिडिओ आत्यांना पाठवला. पाच मिनिटांत त्यांचा बोलून पाठवलेला निरोप आला. "समदं पाणी गेलं? आन् परत येतंय का त्ये? येतानाचं पाठव."

म्हणजे आता हनिमूनला मी समुद्राची वाट बघत बसायची! पण बसलो दोघं. आणि सांगते, बघण्यासारखं असतं. लाट येत नाही, गाजावाजा नाही. एक खळगा भरतो, मग दुसरा. बघता बघता आपण उभे होतो ती जागा राहत नाही.

उद्या निघायचं. पाच-एक ठरलं असतं तर आज कुठं आम्ही इथं उतरलो असतो.

२ मार्च, केज

सकाळी पोचलो. मामा दुकानात गेलेले, आमच्यासाठी थांबले नाहीत. काकांच्या घराचं दार बंद. मी मनाशी भांडणाची पूर्ण तयारी करून आले होते. पहिलं वाक्यसुद्धा ठरवलं होतं. पण आत्यांनी भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि म्हणाल्या, "काळी पडलीस." बस.

दुपारी शेजारच्या बायनाबाई ताक मागायला आल्या आणि मला कोपऱ्यात घेऊन सगळं सांगून गेल्या. शिवरात्रीला संध्याकाळी देवळात सगळी भावकी जमलेली. काकांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं मामांचं नाव घेऊन विचारलं, "गुरुपादची सून कुटं हाय?" मामांनी मान खाली घातली. आत्या बायकांतून उठल्या, पुढे गेल्या, घराचा दिवा स्वतः लावला आणि वळून म्हणाल्या, "मी धाडलीय. दुसऱ्या बेटावर. नील नाव हाय त्येचं."

"कुणाला इचारून?" काका.

"माज्या सुनेला कुटं धाडायचं ते कुणाला इचारू?"

बायनाबाई म्हणाल्या, लग्न होऊन आल्यापासून त्या बाईने आप्पारावांपुढे पदर सरकू दिला नाही, आणि त्या दिवशी अशी बोलली. मग देवळाच्या ओट्यावर बसून बायकांना फोनवर समुद्र दाखवला. काकूसुद्धा वाकून बघत होत्या म्हणे. आणि घरी आल्यावर मामांनी फराळाला नाही म्हटलं तर आत्यांनी ताट झाकून ठेवलं आणि झोपल्या.

मी तिथंच खाली बसले. बॅगेतले लाडू, बोटीचा फोन, दुपारचे व्हिडिओ, सगळं एकेक करून समोर यायला लागलं. मला वाटलं होतं मी एकटी लढले. मी किती मूर्ख आहे! रुद्रेशला बोटीतच कळलं होतं आणि मला आज बायनाबाईंच्या तोंडून कळतंय. लाज वाटली, आणि इतकं भरून आलं की मी मोरीत जाऊन तोंड धुतलं.

३ मार्च

आज संध्याकाळी आत्या भाकरी थापत होत्या, मी शेजारी पाटावर बसले. काय बोलावं ते सुचेना. मला, सुचेना! शेवटी म्हटलं, "आत्या, तुम्ही मला आधी का नाही सांगितलं?"

"तू कुटं ऐकत होतीस? तुजं भांडण चाललंतं."

मी हसले. त्याही हसल्या, खांदे हलवत. त्या अशाच हसतात.

मग भाकरी तव्यावर टाकून म्हणाल्या, "पर मला एक सांग. तीन रात्री हिकडं आन् तीन तिकडं, असं कावून केलं? मी असते तर समद्या त्या बारक्यावर काडल्या असत्या."

"सहाच्या सहा?"

त्यांनी जरा विचार केला. भाकरीला पाणी फिरवलं, हात पुसला.

"न्हाई," म्हणाल्या. "मी असते तर परतच आले नसते."

हे त्या अगदी साध्या आवाजात बोलल्या, मीठ संपलंय सांगावं तशा. मी त्यांच्याकडे बघत राहिले. मला म्हणायचं होतं, जाऊ या आपण दोघी. म्हटलं नाही, कारण तोंडाने बोलायची ही गोष्ट नाही, करायची आहे, आणि ती मी करणार आहे. काकांना विचारून नाही आणि कॅलेंडर बघून.

तेवढ्यात ओसरीवरून मामांचा आवाज आला. आम्ही आल्यापासून पहिल्यांदाच. "पाणी द्या गं कुणीतरी."

एरवी मामांचं वाक्य पुरं व्हायच्या आत तांब्या पुढे असतो. आत्यांनी भाकरी उलटली. ती टम्म फुगली. त्या उठल्या नाहीत.

"माठ तितंच हाय," म्हणाल्या.

मीही उठले नाही.